उसनी नजर

घासाघीस न करणारं गिऱ्हाईक दिसलं की नाणीवाल्याने धास्तावायलाच हवं. बाकीच्या धंद्यांत असं गिऱ्हाईक देवमाणूस ठरतं. जुन्या चांदीच्या डॉलरच्या धंद्यात त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्याच ट्रेमध्ये त्याला असं काही दिसलंय जे तुम्हाला दिसलं नाही. टाकसाळीत कधीकाळी एखादा ठसा बनवताना आकडा दोनदा उमटला, गरुडाची शेपटी जराशी सरकली, आणि त्या ठशाखालून निघालेले डॉलर लाखो भावंडांपेक्षा वेगळे झाले. साध्याला साठ मिळतात, तर अशाला सहाशे, कधी सहा हजारसुद्धा. असा डॉलर ज्याला सापडतो तो चिठ्ठीवरची किंमत मुकाट्याने मोजतो आणि चालू लागतो. वर आणखी घासाघीस करणं म्हणजे शुद्ध निर्लज्जपणा. विकणाऱ्यानेही मागाहून रडायचं नसतं, कारण माल त्याचा आणि चूकही त्याचीच.

ओहायोतल्या आपल्या छोट्याशा दुकानात हॉलिस स्ट्रिक्लरने जन्मभर हा नियम पाळला. दुसऱ्यांच्या ट्रेमधून त्याने पुष्कळ उचललं, स्वतःचंही थोडंफार घालवलं, आणि दोन्ही वेळा तोंड बंद ठेवलं. मग त्याचे डोळे गेले. पूर्ण नाही, फक्त मधला भाग. नाणं समोर धरलं की कडा दिसायची आणि मधे नुसता करडा डाग. नेमक्या त्याच हिवाळ्यात एका धान्यवाल्याच्या तळघरातून लोणच्याच्या बरण्यांत भरलेले डॉलर त्याच्याकडे विकायला आले. कुणीही न चाळलेला माल. असं घबाड हॉलिस आयुष्यभर शोधत होता. ते आलं तेव्हा बघायला डोळे नव्हते.

डोळे एल्डनने दिले. एल्डन प्रुइट विमा विकायचा. एकदा दुकानात पावसाचं थांबायला म्हणून शिरला आणि कायमचाच चिकटला. भिंग कसं धरायचं, उजेड कुठल्या बाजूने घ्यायचा, सगळं हॉलिसने त्याला शिकवलं. तो हॉलिसला ‘मास्तर’ म्हणायचा, थोडं चेष्टेत आणि बरंचसं मनापासून.

“एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो,” पहिल्याच दिवशी हॉलिस म्हणाला. “माझ्यासाठी वाचशील त्यातलं तू काही घ्यायचं नाहीस. स्वतः नाही, आणि दुसऱ्याच्या हातूनही नाही.”

“मास्तर, हे मला सांगावं लागतं का?” एल्डन म्हणाला. तो दुखावल्यासारखा वाटला, आणि हॉलिसला आपलीच लाज वाटली.

त्यानंतर रोज दुपारी दोघे बसत. हॉलिस एकेक डॉलर पुढे करी, एल्डन वाचून सांगे. कधीतरी एखादा बरा निघे, बाकी सगळे साधे. बरण्यांतून याहून जास्त निघायला हवं होतं असं हॉलिसला वाटे, पण नशिबाशी भांडून काय मिळणार, असं म्हणून तो गप्प बसे.

वसंतात जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये नाण्यांचा बाजार भरला. हॉलिसने टेबल घेतलं. शेजारी जुनी पोस्टकार्डं विकणारी डोरीन होती. दुपारी एल्डन खायला काही आणायला गेला, तेवढ्यात एक माणूस आला.

“तिसऱ्या ओळीतला, एकोणीसशे एकचा. तो द्या,” तो म्हणाला.

हॉलिसने चाचपून नाणं काढलं आणि थांबला. आता खिशातून भिंग निघेल, निदान उलटसुलट करून तरी बघेल.

“बघायचा नाही का?”

“नको. साठ ना? हे घ्या.”

नोटा हातात पडल्या आणि पावलं लांब गेली.

“वा रे नवाबा,” डोरीन म्हणाली. “माझ्याकडे एक डॉलरच्या कार्डासाठी लोक अर्धा तास डोकं खातात, आणि तुला ट्रेकडे न बघता साठ देऊन जातात. काय फासतोस रे त्या ट्रेला?”

हॉलिस हसला नाही. एकोणीसशे एक, फिलाडेल्फियाची टाकसाळ. तिथे एकच गोष्ट असू शकते, सरकलेली शेपटी. घासाघीस केली नाही म्हणजे त्याला ते ठाऊक होतं. पण बघितलंच नाही, तर ठाऊक कसं होतं? ट्रे त्या सकाळीच पहिल्यांदा दुकानाबाहेर आला होता. त्यातला तो डॉलर भिंगाखाली फक्त एका माणसाने धरला होता.

एल्डन खाणं घेऊन आला. “जादा कांदा घालून आणलंय, मास्तर. गेलं का काही?”

“एक गेला.”

“चला, तेवढंच ओझं कमी,” असं म्हणून एल्डन खायला लागला. कुठला गेला ते त्याने विचारलं नाही. या धंद्यात तो प्रश्न न विचारणारा माणूस हॉलिसला आजवर भेटला नव्हता.

रात्रभर हॉलिसने एल्डनची वकिली केली. ते गिऱ्हाईक सकाळीच येऊन बघून गेलं असेल. एल्डनची नजर चुकली असेल, शेपटी फसवते कधीकधी. मन मानत नव्हतं, पण मन मानावं अशी त्याची फार इच्छा होती. मित्र म्हणावा असा दुसरा कुणी त्याला उरलाच नव्हता.

उजाडल्यावर त्याने कपाटाच्या तळातून एक डॉलर काढला. न्यू ऑर्लीन्सचा, अठराशे अठ्ठ्याऐंशीचा. तरुणपणी सापडलेला. विकायचा नव्हता, म्हणून कधी कुणाला दाखवलाच नव्हता. त्या ठशात नाण्यावरच्या बाईचे ओठ दोनदा उमटलेत. त्याला भिंगही लागत नाही. नवशिक्यालासुद्धा हातभर अंतरावरून कळतं, आणि इथे चूक होऊच शकत नाही. दुपारी बरणीतल्या नाण्यांमध्ये हॉलिसने तो आपल्या हाताने मिसळला. देवा, त्याला बोलू दे, असं म्हणत त्याने तो पुढे केला.

एल्डनने तो उजेडाखाली फिरवला.

“साधा,” तो म्हणाला. “झिजलाय बराच. चाळीस लावू या.”

केसाने गळा कापला होता, आणि तोही किती सवयीच्या आवाजात.

“तो डॉलर माझा आहे, एल्डन,” हॉलिस म्हणाला. “बरणीतला नाही. तुझी मिसरूड फुटायच्या आधीपासून मी त्या बाईचे दोन ओठ बघतोय. आण इकडे.”

डॉलर तळहातावर आला, पण लगेच आला नाही.

“मास्तर, दुसऱ्यांच्या ट्रेमधून तूही उचललेसच की जन्मभर,” एल्डन हळूच म्हणाला. “तूच शिकवलंस. ज्याला दिसलं, त्याचं.”

“त्यांचे डोळे त्यांच्याजवळ होते. माझे तुझ्याजवळ होते.”

हॉलिसने हात फिरवत काउंटरवरचे सगळे ट्रे एकत्र ओढले. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि त्यातलं काय आधी बाहेर पडेल ते त्याला कळत नव्हतं.

“तू जा आता. हे सगळे मी उद्या वजनावर देतो.”

“वजनावर? वितळवायला?”

“हो. तूच म्हणालास ना, साधे आहेत.”

“असं करू नकोस,” एल्डन म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच हलला. “शिव्या दे, पोलिसांना बोलाव, पण भट्टीत नको घालूस. त्यात आणखी तीन आहेत, मास्तर. शपथेवर सांगतो, तीन आहेत.”

“काढ.”

एल्डन ट्रेवर वाकला. शोधावं लागत नव्हतं, जागा पाठ होत्या. पहिला डॉलर काउंटरच्या काचेवर टेकला. मग दुसरा, मग तिसरा. हॉलिस वाट बघत राहिला, की आता तो हात मागे घेईल. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग चौथा वाजला, पाचवा वाजला, आणि एल्डन पुढचा ट्रे ओढून घेऊ लागला.