मुठीवरचा खळगा

मित्रांनो, मी एक जुनी सुरी आहे. वीतभर पाते, लाकडाची मूठ आणि धारेवर बारीक बारीक दाते. खणातले चमचे मला मागून 'दातेरी बाई' म्हणतात. त्यांचे मी मनावर घेत नाही. ज्यांना जन्मात कधी धार लागली नाही, त्यांनी दुसऱ्याच्या दातांवर बोलू नये.

माझ्या मुठीवर एक खळगा आहे. बोट फिरवले तरच कळेल इतका उथळ. तो एका अंगठ्याचा आहे. रोज त्याच जागी टेकून त्या अंगठ्याने लाकूड झिजवले. आज मी तुम्हाला त्या अंगठ्याची गोष्ट सांगणार आहे, कारण मला त्याची फार आठवण येते.

माझा जन्म कात्र्या आणि सुऱ्या बनवणाऱ्या एका कारागिराकडे झाला. त्याच्या दुकानात एके दिवशी शिवणकाम करणारी एक तरुण मुलगी आली आणि म्हणाली, "काका, मला कात्री करून हवी. डाव्या हाताची."

कारागीर हसला. "डाव्या हाताची कात्री? अगं, लोक हात बदलतात. कात्री कोणी बदलत नाही."

"हात बदलून पाहिला, काका. कापड वाकडं जातं आणि बोलणी मला बसतात."

तिने असे सांगितल्यावर त्याने कात्री केली. पोलादाची थोडी पट्टी उरली, तिच्यातून त्याने मला घडवले. बहुतेक दातेरी सुऱ्यांची धार एकाच बाजूने घासलेली असते. माझी त्याने दुसऱ्या बाजूने घासली, डाव्या हाताला सोयीची पडेल अशी. "ही पण तुझ्याच हाताची आहे. घेऊन जा," असे म्हणून त्याने मला कात्रीसोबत कागदात गुंडाळले. म्हणून कात्री माझी थोरली बहीण लागते.

कात्रीचे डावेपण कोणालाही दिसते. दुसऱ्या हातात घेतली की तिची कडी बोटांना टोचते. माझे तसे नाही. मी दिसायला चारचौघींसारखीच. पुढे जे झाले ते त्यामुळेच.

त्या मुलीचे लग्न झाले, ती आई झाली. मीही तिला आईच म्हणते. तिचा नवरा सुतार. त्यांना एक मुलगी झाली, गोल चेहऱ्याची. शिवण मशीनभोवती सारखी घरंगळत असायची, म्हणून आईने तिचे नाव ठेवले बटण. घराच्या पुढच्या खोलीत आईचे मशीन होते आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराच्या खिडकीत तुळशीच्या जातीच्या बेझिलची कुंडी आणि तिच्या शेजारी ओळीने मांडलेले टोमॅटो. टोमॅटो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही, हा आईचा नियम. "थंडीने तो मुका होतो," ती म्हणायची.

मी कांदे कापले, काकड्या कापल्या, पाव कापला. पण माझा खरा मान होता तो टोमॅटो आणि मोझरेला चीजच्या सॅलडला. मऊ सालीच्या पिकलेल्या टोमॅटोवर साधी सुरी दाबली की त्याचा चेंदामेंदा होतो. मी नुसती सरकते आणि साल आपली आपण उघडते. आईचा अंगठा खळग्यात बसला, की मला दाबायचे कसे आणि ओढायचे कसे, हे तिला सांगावे लागत नसे आणि मलाही. एकसारखे पातळ काप पडत. त्यांच्यावर ती चिमूटभर मीठ टाकून त्यांना जरा वेळ सोडून देई. "सुटू दे त्याचं पाणी. घाई करायची नाही."

तोवर खाऱ्या पाण्यातला मोझरेलाचा पांढरा गोळा फडक्यावर निथळत असे. चीज कापण्याआधी ती मला स्वच्छ पुसायची. पांढऱ्यावर लाल डाग पडलेला तिला चालत नसे, शेवटी शिंपीणच ती! मग ताटलीत एक लाल, एक पांढरा, एक लाल, एक पांढरा, झालरीला चुण्या घालाव्यात तसे काप एकमेकांवर टेकवायची. मधे मधे हाताने तोडलेली बेझिलची पाने. पानांना ती मला शिवू द्यायची नाही, कापलेल्या कडा काळ्या पडतात म्हणून. मी थोडी रुसायचे. वरून ऑलिव्ह तेलाची धार, ताजी कुटलेली मिरी, आणि झाले. गॅस पेटवायला नको की काही नको.

मग ती मला धुऊन, लगेच कोरडी करून खणात ठेवायची. ओल्या भांड्यांच्या ढिगात तिने मला एकदाही टाकले नाही. इतके प्रेम कोणाला मिळते?

एक गोष्ट मात्र मला खटकायची. बटण लहान असताना चमचा डाव्या हाताने उचलायची. आई तो तिच्या उजव्या हातात द्यायची. पेन्सिलही तशीच. "ह्या हातात, बाळा. ह्या." तिच्या आवाजाची पट्टी कधी चढली नाही, पण तिने माघारही कधी घेतली नाही. एकदा बाबा म्हणाले, "असू दे की. तूही डावरीच आहेस."

"म्हणूनच," आई म्हणाली. "शाळेचं बाक, दुकानातली कात्री, लोकांची तोंडं. मी सगळं भोगलंय. माझ्या लेकीचे ते हाल नकोत."

त्यामुळे बटण उजव्या हाताने लिहायला आणि जेवायला शिकली. पण स्वयंपाकघरात कोणी नसले, की ती माझा खण डाव्या हाताने उघडायची. हे फक्त आम्हा खणातल्या मंडळींना ठाऊक होते, आणि आम्ही कोणाला सांगणार?

आणि मग आई आजारी पडली. इस्पितळातून घरी आली तेव्हा तिचा डावा हात मांडीवर पडून होता. तो हलत नव्हता. शब्दही अर्ध्यावर तुटत होते. बाबांनी तिची खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवली, म्हणजे तिला घरात काय चालले आहे ते दिसेल. मित्रांनो, माझे दुःख मी कसे सांगू? तो हात माझ्या समोर होता. खण उघडला की मला तो दिसायचा. तोच अंगठा, तीच नखे. पण तो माझ्याकडे येत नव्हता. दूर गेलेल्या माणसाची वाट तरी बघता येते. समोर असलेल्या हाताची वाट कशी बघायची?

आईचे खाणे कमी होत गेले. दोन घास घेतले की ती मान फिरवायची. डॉक्टरांनी बजावले होते, "खाल्लं नाही तर अंगात ताकद येणार कशी?" बाबा सगळे करून बघत होते. शेवटी त्यांना आठवले. "तुझं ते टोमॅटोचं सॅलड करतो," ते म्हणाले. आईच्या डोळ्यांत जरा चमक आली.

बाबांनी मला उजव्या हातात धरले. त्यांचा अंगठा खळग्यावर आलाच नाही. मी सरळ जायचा खूप प्रयत्न केला, पण माझी धार मला बाहेर खेचत होती. काप पडला तो वर जाड, खाली पातळ. दुसराही तसाच. तिसरा तर अर्ध्यावरच संपला.

"ही काय पाचर झाली!" बाबा वैतागले. "आयुष्यभर फळ्या सरळ कापल्या, आणि एक टोमॅटो सरळ कापता येईना!"

त्या पाचरींची झालर कसली होणार? काप घसरून ताटलीच्या मध्यभागी गोळा झाले. बाबांनी ताटली आईपुढे ठेवली. आईने खाल्ले नाही. तिला रागही आला नव्हता. ती आधी माझ्याकडे, मग बाबांच्या हाताकडे बघत होती आणि तिला काहीतरी सांगायचे होते.

"डा... डाव," ती म्हणाली.

"डाव? डाव हवाय?" बाबा उठले आणि वाढायचा डाव घेऊन आले. आईने नकारार्थी मान हलवली. त्यांनी मोठा डाव आणला. मग भातवाढी आणली, पळी आणली, झारासुद्धा आणला. भिंतीवरच्या खिळ्यांवर काही उरले नाही. आई पुन्हा म्हणाली, "डाव!"

"खेळायचा डाव असेल, बाबा," बटण म्हणाली आणि धावत जाऊन पत्ते घेऊन आली.

आईने डोळे मिटून घेतले. फळीवरून मी ओरडत होते, अरे, अर्धाच शब्द फुटतोय तिचा, शेवटचा काना राहिलाय! पण सुरीचे कोण ऐकतो?

पुढचे काही दिवस तेच. बाबा कापायचे, पाचरी पडायच्या, आई मान फिरवायची. एका सकाळी बाबांचा धीर सुटला. "ही सुरीच वाकडी आहे. हिच्यापायी ती जेवत नाही." सगळे खापर माझ्यावर फुटले. त्यांनी मला दारापाशी भंगाराच्या खोक्यात टाकले, वाकड्या खिळ्यांच्या आणि गंजक्या बिजागरीच्या सोबतीला, आणि ते कामाला निघून गेले. संध्याकाळी भंगारवाला येणार होता. डावलणे म्हणजे काय, ते मला त्या खोक्यात कळले. माझ्यासारखीला हा शब्द फारच चपखल बसतो.

मला मरणाची भीती नव्हती. वितळले असते, दुसरे काहीतरी झाले असते. पण तो अंगठा पुन्हा दिसला नसता, आणि आईचे म्हणणे घरात कोणाला कधीच कळले नसते.

दुपारी बटण शाळेतून आली. तिने मला खोक्यात पाहिले, उचलले, धुतले आणि पुसले. अगदी आईसारखे लगेच कोरडे केले. आई खुर्चीत डुलक्या घेत होती. बटणने खिडकीतला टोमॅटो घेतला, फळीवर ठेवला आणि मला उजव्या हातात धरून काप काढला. पाचर. पुन्हा काढला. पुन्हा पाचर. तिच्या डोळ्यांत पाणी जमा झाले. तेवढ्यात टोमॅटो फळीवरून घरंगळला. तो पकडायला तिने उजवा हात मोकळा केला आणि मला डाव्या हातात घेतले. टोमॅटो परत फळीवर आला. मी मात्र डाव्या हातातच राहिले.

आणि मित्रांनो, मी सरळ गेले! किती दिवसांनी सरळ गेले! काप फळीवर पडला, पातळ, एकसारखा. दुसरा पडला. तिसरा पडला. बटण श्वास रोखून बघत राहिली.

तिने मान वर केली तर आई जागी होती आणि तिच्याकडेच बघत होती. चोरी पकडल्यासारखे बटणने मला पटकन उजव्या हातात घेतले आणि डावा हात फ्रॉकमागे लपवला. "चुकून झालं, आई. मी उजव्यानेच करते."

आईने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. "डाव... डाव!"

बटणने भिंतीवरच्या डावाकडे पाहिले. मग फळीवरच्या कापांकडे. मग लपवलेला हात हळूच पुढे आणून तिने तो उघडला. "डाव नाही... डावा? आई, डावा हात?"

आई हसली. रडलीही. आजारपणानंतर ती पहिल्यांदाच हसत होती, त्यामुळे हसू जरा एका बाजूला गेले, पण ते हसूच होते. बटणने विचारले, "मग मी ह्याच हाताने कापू?"

आईने खूप प्रयत्न केला. ओठ जुळवले, पुन्हा जुळवले. "रा... राहू दे," ती म्हणाली. "त्याच... हातात."

ज्या हातातून तिने इतकी वर्षे चमचा काढून घेतला, त्या हातात तिने मला राहू दिले.  मग बटणने मला पुन्हा डाव्या हातात घेतले.

बाबा आले तेव्हा बटण दारातच ओरडली, "बाबा, डाव नव्हे, डावा! सुरी डाव्या हाताची आहे!" बाबांनी मला डोळ्यासमोर आडवी धरली, फळी सरळ आहे का ते बघतात तशी, एक डोळा मिटून. घासलेली बाजू त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "इतकी वर्षं डावा हात घरात, आणि मी आणत बसलो डाव..." म्हणत त्यांनी भिंतीवरच्या डावाला नमस्कार केला. आई पुन्हा हसली.

मग ताटली मांडली. लाल, पांढरा, लाल, पांढरा. चुण्या थोड्या वेड्यावाकड्या, पण झालरच ती. बटणने पाने हाताने तोडली. त्याआधी कापांवर मीठ टाकून तिने त्यांचे पाणी सुटू दिले होते. घाई केली नाही. बाबांनी आईला पहिला घास दिला, मग दुसरा. ताटली रिकामी व्हायला आली तेव्हा आई म्हणाली, "आ... णखी."

मित्रांनो, आईचा हात माझ्या मुठीवर पुन्हा आलेला नाही. बोटे आता थोडी हलतात. डॉक्टर म्हणतात, बघू. मीही म्हणते, बघू. बटण मला धुऊन पुसून खणात न ठेवता आईच्या डाव्या हाताजवळ टेबलावर ठेवते, मग आई आणि मी जरा वेळ तशाच असतो.

माझे तुमच्याकडे एवढेच मागणे आहे. घरातली एखादी वस्तू नीट चालत नसेल, तर तिला लगेच वाकडी म्हणू नका. खोक्यात टाकण्याआधी एकदा हात बदलून बघा. आणि घरात कोणाचे शब्द अर्धेच येत असतील, तर डाव घेऊन धावण्याआधी थोडे थांबा, त्यांना पुरते बोलू द्या.

माझ्या मुठीवरचा खळगा अजून आहे. बटणचा अंगठा त्यात ठेवला तर कडेने जागा उरते. वाढते वय आहे, भरेल. पण कधी कधी कापता कापता ती थांबते, अंगठा उचलते आणि ती उरलेली जागा बोटाने चाचपून बघते. तेव्हा मला कळते, की आठवण मला एकटीलाच येत नाही.