पूर्वसंबंध

कांद्याचं साल लॅपटॉपच्या कळांवर येऊन पडलं होतं – गुलाबी, पातळ, उजेडाकडे धरलं तर शिरा दिसाव्यात असं. फुंकर मारली असती तर उडालं असतं, पण यशोधरानं फुंकर मारली नाही. भिंतीपलीकडेच बराख होती, जाळीच्या कुडाची, उन्हाळी कांद्यानं गच्च भरलेली, आणि वारा फिरला की तिथला उग्र, गोडसर वास आणि अशी चार-दोन सालं या खोलीत येत. बोटाच्या टोकानं तिनं ते हलकेच बाजूला सरकवलं आणि पुढचं वाक्य लिहिलं : 'निविदाकारास शीतगृह उभारणीचा पुरेसा अनुभव असावा.'

पुरेसा म्हणजे किती, ते नंतर भरायचं. कळंबच्या शेतकऱ्यांच्या या कंपनीला कांदा-बटाट्यासाठी शीतगृह बांधायचं होतं, आणि बांधून देणाऱ्यांनी आपले प्रस्ताव पाठवावेत म्हणून, आपल्याला नेमकं काय हवंय हे सांगणारा जो कागद काढावा लागतो – पुण्यात तिच्या ऑफिसात त्याला नुसतं आरएफपी म्हणत – तो लिहून देणं हे तिचं काम. मसुदा तयार होता. आज तो संचालकांना वाचून दाखवायचा, त्यांचे बदल घालायचे, सह्या घ्यायच्या आणि निघायचं. बैठक अध्यक्षांच्याच घरी होती, आणि संचालकांपैकी दोघंच हजर होते. अध्यक्ष कुंडलिक आबा, आणि त्यांचा मुलगा ऋषी.

फाइल हातात आली तेव्हाच तिनं ते नाव वाचलं होतं. साहेबांना सांगता आलं असतं, हे काम दुसऱ्या कुणाला द्या. काहीही कारण चाललं असतं. पण तिनं सांगितलं नाही, आणि का सांगितलं नाही हे पुण्याहून इथवर येताना एसटीच्या खिडकीशी बसून तिनं स्वतःला पुन्हापुन्हा विचारलं... मला बघायचं होतं. एवढंच. त्यालाही अजून दुखतं का, ते.

तो समोर बसला होता आणि मोबाइलवर काहीतरी वर सरकवत होता. मनगटं जाड झाली होती. डोळ्यांखाली थोडी सूज. बाकी तोच; बोलताना वाक्य अर्ध्यावर सोडून समोरच्याकडे बघणारा.

"म्हणजे मॅडम, गाडी आली की माल थेट... मधे कुठं..."

"माल उतरून थेट प्रतवारीच्या पट्ट्यावर जावा, मधे साठवण नको," ती म्हणाली, आणि लिहूनही मोकळी झाली.

"हां. तेच."

तेच. मंचरच्या कॉलेजात त्याचा एकेक प्रोजेक्ट तिनंच लिहिला होता. तो बोलायचा, शेंगा सोलत, टरफलं खिशात भरत; ती लिहायची. वाक्य त्यानं सुरू करायचं, संपवायचं तिनं. त्याला म्हणायचं असायचं ते त्याच्याआधी तिला कळायचं, आणि या गोष्टीचा तिला तेव्हा केवढा अभिमान वाटायचा – जणू प्रेम म्हणजे दुसऱ्याची वाक्यं पुरी करता येणं.

"मॅडम, लई सोपं लिवलंय तुमी," आबा म्हणाले. म्हातारा मन लावून ऐकत होता, मधेच डोळे मिटत होता, पण प्रश्न नेमके विचारत होता. "मागल्या बारीला एकानं लिहून दिलं, ते समदं डोक्यावरनं गेलं. गाव कोणतं तुमचं?"

"अवसरी बुद्रुक."

"आं? म्हंजे हितल्याच की! अवसरीत कुणाच्या?"

कुणाच्या... त्या एका शब्दात आडनाव येतं, आळी येते, जात येते. लहानपणापासून कितीदा ऐकलेला प्रश्न, आणि आप्पांनी शिकवलं होतं की त्याचं उत्तर मान वर करून, सरळ द्यायचं. जयवंत मास्तरांची. बुद्धविहाराशेजारचं घर. आत्ताही ती तेच सांगणार होती, ओठ उघडलेही होते –

"आबा, मॅडम पुण्याच्या आहेत," ऋषी म्हणाला. मोबाइलवरून नजर न उचलता. "काम करू द्या त्यांना."

दहा-बारा किलोमीटरवरचं तिचं गाव त्यानं असं पुसून टाकलं. तिनं मान खाली घालून स्क्रीन वर सरकवली, खाली सरकवली. तिथं अक्षरं होती, पण ती वाचता येत नव्हती.

त्या दिवशी रणरणतं ऊन होतं. सात वर्षं झाली. आबा आप्पांना भेटायला घरी आले होते. बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या खुर्चीवर टोपी सावरत बसले होते. आईनं तांब्या-भांडं पुढं ठेवलं तर म्हणाले, आत्ताच पिऊन निघालोय. आवाज चढला नाही, शब्द वाकडा गेला नाही. "मास्तर, पोरगी गुणी हाय. पन आमाला भावकीत ऱ्हायचं हाय." आप्पा फक्त "बरं" म्हणाले. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या तिला खिडकीतून रस्ता दिसत होता, लिंबाच्या झाडाखाली मोटारसायकल दिसत होती आणि तिच्यावर बसलेला ऋषी. तो उतरला नाही. रुमालानं गाडीचा आरसा पुसत राहिला – पुसलेलाच आरसा, पुन्हा, पुन्हा.

नंतर त्याचा फोन लागला नाही. आणि मग ते वाक्यही तिनंच पुरं केलं. मी आत येणार होतो यशू, आबांनी येऊ दिलं नाही. त्यानं ते कधीच म्हटलं नव्हतं, पण तिला ते त्याच्या आवाजात ऐकू यायचं. पुण्यात, ऑफिसच्या जिन्यात, आप्पांना अग्नी दिला त्या दिवशी गर्दीत, कुठंही. त्याच वाक्याच्या आधारानं ती उभी होती. चीड यायची ती आबांची यायची, भावकीची, त्या न प्यायलेल्या पाण्याची. त्याची कधीच नाही. तो बिचारा उन्हात बसला होता...

टेम्पो आला म्हणून आबा बाहेर गेले. खोलीत दोघंच उरली.

"ते शेवटचं पान," ऋषी म्हणाला आणि थांबला.

शेवटचं पान ठरावीक असतं. प्रत्येक आरएफपीला जोडलेलं, तिनं स्वतः कितीतरी वेळा भरलेलं. 'सल्लागाराचे कंपनीच्या कोणत्याही संचालकाशी कौटुंबिक, आर्थिक वा वैयक्तिक संबंध पूर्वी नव्हते व सध्या नाहीत.' खाली तिची सही.

या वेळी तिनं वाक्य पुरं केलं नाही. वाट पाहिली.

"म्हणजे, उद्या कुणी बोट दाखवायला नको. इथली माणसं तुला माहीतच... तू सही करून टाक ना. खोटं थोडंच आहे आता?"

तुला. तू. सकाळपासून 'मॅडम' ऐकून आखडलेलं आतलं काहीतरी त्या दोन शब्दांपाशी धावत गेलं – आणि तेवढ्यात पुढचे शब्द कानात शिरले.

"आणि पूर्वी?" तिनं विचारलं.

तो दाराकडे बघत होता. ओसरीवरून त्याची बायको श्रेया विचारत होती, "अहो, मॅडमना वाढू का? भाकऱ्या गरम आहेत."

"वाढ," तो म्हणाला, मग हलक्या आवाजात, "तुझ्यासाठीच म्हणतोय."

तिनं सही केली. त्या क्षणी तिला त्याची दयाच आली : याच घरात राहायचंय याला, याच छपराखाली, त्याच बापाच्या शेजारी, तेव्हा बोलू दिलं नाही, आत्ताही बोलू देत नाहीत. घे, ऋषी. हेही घे. नव्हते व नाहीत.

जेवताना श्रेयानं आग्रह करून आणखी अर्धी भाकरी वाढली, ठेचा जास्त तिखट नाही ना असं दोनदा विचारलं. चांगली मुलगी होती. चांगली नसती तर बरं झालं असतं.

निघताना आबा फाट्यापर्यंत सोबत आले. नको म्हटलं तरी आले. श्रावण होता, भगवे झेंडे लावलेल्या जीपगाड्या भीमाशंकरकडे जायला मंचरच्या दिशेनं भरधाव जात होत्या. फाट्याशी येऊन म्हातारा थांबला.

"मास्तर बरे हायेत ना?"

तिनं चमकून पाहिलं.

"सकाळीच वळाकलं म्या. बोलन्याची ढब मास्तरांचीच. म्हनून इचारलं, तर पोरगं मधीच बोललं."

"आप्पा गेले. दोन वर्षं झाली."

"न्हाई कळलं मला." त्यांनी टोपी काढली, डोकं चोळलं, पुन्हा घातली. "पोरी, तू मला लई बोल लावला असशील. लाव. पन येक सांगतो. त्या दिशी वाटंत म्या त्याला म्हन्लं व्हतं – तू आत चल. मास्तरांम्होरं येकदा म्हन, मला हीच करायचीय. मंग भावकीचं माझं मी बघतो. तर म्हन्ला, आबा, तुमीच काय ते सांगा."

"तो तसं म्हणाला?"

"खालीच उतरला न्हाई गाडीवरनं. तू बघितलंच असशील."

तिनं बघितलं होतं. सात वर्षं तेच तर बघत होती.

"मग पाणी का नाही प्यायलात?"

म्हातारा रस्त्याकडे बघत राहिला.

"येष्टी आली बघ," ते म्हणाले.

एसटी थांबली. ती चढली नाही. आबा क्षणभर घुटमळले, मग पाठ वळवून कच्च्या रस्त्यानं घराकडे चालू लागले, आणि कंडक्टरनं तिच्याकडे बघत घंटी ओढली.

बैल गेला आणि झोपा केला – हे असंच. सगळं होऊन गेल्यावर कुणीही उदार होतं. म्हाताऱ्यानं स्वतःला सोडवून घेतलं असेल. ज्या घरचं पाणी चाललं नाही त्या घरची मुलगी चालली असती? तिला ते खोटं ठरवायचं होतं, आणि ते सोपंही होतं, पुरावा होता. पण मग तो रुमाल आठवला. अडवलेला माणूस असा आरसा पुसत नाही. अडवलेला माणूस निदान घराकडे बघतो. त्यानं बघितलं होतं का? एकदा तरी? ती आठवत राहिली, खिडकीच्या गजांमधून, लिंबाच्या सावलीतून. आणि प्रत्येक वेळी तिनं त्याची मान वळवली तेव्हा तिच्या लक्षात आलं की वळवणारी आपणच आहोत. कदाचित दोन्ही खरं असेल. बापानं विचारलं असेल, विचारताना नाही हेच उत्तर हवं असेल, आणि मुलानं ते ओळखून दिलं असेल. घरोघरी वाक्यं अशीच पुरी होतात.

पर्समधला फोन वाजला. अवसरीहून आई.

"निघालीस का? येतेयस ना इकडे?"

"आई... त्या दिवशी आप्पा..."

"कोणत्या दिवशी गं?"

आईला माहीत असेल. आई तेव्हा दारातच तर होती. तिथून झाडाखालचं सगळं दिसतं. एवढी वर्षं ती त्याच्याबद्दल एक शब्दही बोलली नाही, बरा नाही, वाईट नाही. यशोधरानं ते मौनसुद्धा आपल्याच बाजूचं धरलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली. "येतेय."

"आवाज असा का येतोय?"

"रस्त्यावर आहे. गाड्या आहेत."

फोन ठेवून ती तिथंच उभी राहिली. आता रडू येईल, असं तिला वाटलं. ते कसं येतं ते ठाऊक होतं – आधी घसा, मग डोळे, आणि मग त्याचा चेहरा, ज्याच्यासाठी रडायचं तो. घसा भरून आला. डोळेही. तिनं सवयीनं वाट पाहिली, पण चेहरा आला नाही. तिथं मनगटं जाड झालेला एक ओळखीचा माणूस होता, आणि त्याच्यासाठी रडायचं तर का, हे तिला सांगता येईना. मग हे कुणासाठी... आप्पांसाठी? त्या 'बरं'साठी? की स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या त्या मुलीसाठी, जिच्याकडे त्या दिवशी, आणि नंतरही, कुणी वळून बघितलं नव्हतं – मीसुद्धा नाही...