मुक्काम पोस्ट डावा हात

मी एक ग्रंथी बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, माझ्या मालकिणीच्या डाव्या हातात, कोपराच्या जरा खाली आहे मी. तांदळाच्या दाण्याएवढीच असेन, पण तोरा विचारू नका!

माझं माहेर गळ्यातलं. आम्ही चौघी बहिणी. रक्तातलं कॅल्शियम सांभाळायचं, हे आमचं काम. पण चौघींनाही दुखणं जडलं. आम्ही फुगलो, नको तितकं हॉर्मोन ओतत सुटलो आणि हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरून मालकिणीची हाडं पोकळ झाली. नुसतं शिंकल्यावर तिची बरगडी मोडली हो!

सर्जननी आम्हाला बाहेर काढलं. शेजारी बर्फाचं भांडं घेऊन एक संशोधक डॉक्टर उभ्या होत्या. सगळे त्यांना बर्फवाल्या डॉक्टर म्हणत. काढलेली ग्रंथी त्याच माणसाच्या हातात लावून जगवायची, या कामाला त्यांनी अर्धं आयुष्य दिलं होतं. माझा एवढासा तुकडा त्यांनी हाताच्या स्नायूत लावायला दिला, बाकीचं गोठवून ठेवलं. नव्या घरी रुजायला मला वेळच लागला. तोवर कॅल्शियम कमी पडून मालकिणीच्या ओठांना मुंग्या यायच्या. पण रुजले एकदाची.

मग ती तपासणीला आली, सोबत तिचे बाबा. त्यांना दिसत नाही. रोज लेक त्यांना पेपर वाचून दाखवते. रक्त दिलं आणि रिपोर्ट आला, हॉर्मोन भलतंच वाढलेलं. सर्जन म्हणाले, गळ्यात आणखी एखादी ग्रंथी राहिली असणार, पुन्हा उघडावं लागेल. या खेपेला आवाज जाण्याची भीती होती.

बाबांनी लेकीचा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाले, "पेपर नाही वाचलास तरी चालेल गं. पण तू घरात आहेस, हे मला कळणार कसं?"

मला तोंड असतं तर कोकलले असते. अहो, गळ्यात कोणी नाही, मी इथे आहे!

बर्फवाल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वाचला. कॅल्शियम तर जिथल्या तिथे. मग हॉर्मोनच एवढं कसं? त्यांनी मालकिणीला विचारलं, "रक्त कोणत्या हातातून दिलंत?"

तिने डावा हात उचलला. उजवा बाबांच्या मुठीत होता, रक्त देतानाही आणि आताही. माझ्याच दाराशी सुई घातल्यावर माझंच हॉर्मोन भरून येणार ना! काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय.

"बाबा, जरा हात सोडता?" डॉक्टर म्हणाल्या.

त्यांनी नाइलाजाने सोडला. उजव्या हातातल्या रक्तात हॉर्मोन अगदी बेताचं निघालं. ऑपरेशन रद्द झालं. संध्याकाळी पेपर वाचला गेला, अगदी जाहिरातींसकट.

मी इथे सुखात आहे. फक्त एक विनवणी. माझ्या मालकिणीचं रक्त काढायचं असेल, तर उजवा हात मागा. बाबा सहजासहजी देणार नाहीत. गोडीने मागा आणि काम झालं की लगेच परत करा.