पहारेकरी, भाग दुसरा

मंदाने टीव्हीचा आवाज वाढवला आणि व्हिडिओ गेमची कॅसेट खाचेत दाबून बसवली. पाचोऱ्याहून आलेली भागाआत्या आत स्वयंपाकघरात रडत होती, आणि तिला हळू रडता येत नसे.

"दुसरा भाग आला, आबा. गिरधरच्या दुकानात कालच आला. आधी तुम्ही खेळा."

तिचे वडील, पितांबर आबा, उशीला टेकून बसले. पहिला भाग त्यांनी मागच्या वर्षी, ऑपरेशननंतर असाच अंथरुणात बसून पुरा केला होता. काळ्या कपड्यांतला एक माणूस, मोठा किल्ला, आणि पहारेकऱ्यांच्या नजरा चुकवत शेवटच्या दालनापर्यंत पोचायचं. कापसाच्या जिनिंगमध्ये उभा जन्म रखवाली केलेला माणूस आता चोराच्या बाजूने खेळतो, म्हणून घरात तेव्हा भरपूर चेष्टा झाली. नोकरीत आबांनी एकही चोर धरला नव्हता. गंजीआड कोणी बाई ओटीत कापूस भरतेय असं वाटलं की ते लांबूनच काठी आपटत यायचे. मालक विचारायचा, पितांबर, तू चोर धरतोस की उठवून लावतोस?

तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, खेळासारखं दुखणंही संपलं.

ते परत आलं. आता चिरफाड करण्यात अर्थ नाही, असं डॉक्टरांनी मंदाला बाहेर बोलावून सांगितलं. तिने घरात एकेकाला बजावलं, अल्सर आहे, अल्सरच म्हणायचं. शेजारच्या झुलालकाकांना त्यांचं असंच दुखणं कळलं त्या दिवशी त्यांनी ताट सरकवून भिंतीकडे तोंड केलं होतं, ते पुन्हा वळलेच नाहीत. आबांचीही भूक मरून गेली होती, तरी ती समोर बसली की वाटीभर खिचडी ते गिळायचे. त्या वाटीसाठी ती वाटेल तितकं खोटं बोलली असती.

पडद्यावर पहारेकरी भिंतीजवळून पुढे गेला. आबांनी आपल्या माणसाला एक पाऊल पुढे टाकायला लावलं. पहारेकरी थबकला. पहिल्या भागात कोणी थबकत नसे. ठरल्या वाटेने जायचे, ठरल्या वाटेने यायचे.

"कसा वाटतो?" मंदाने विचारलं.

"पहिलावाला येडा व्हता. हाऊ हुशार शे. ह्याले बारीकसारीक बठ्ठं ऐकू येस."

"मग अवघडच झालं."

पहारेकरी पाठमोरा उभाच होता. आबांनी रिमोटवरचा अंगठा उचलला.

"पन वळत नई," ते म्हणाले.

आत हुंदका फुटला. मंदा उठून गेली आणि तिने दार ओढून घेतलं. माझ्या भावाला सांगून टाक, आत्या म्हणत होती, कोणाला भेटायचं असेल, काही बोलायचं असेल, त्याचा जीव का अडकवतेस. मंदाने तिला तोंड धुवायला मागच्या दारी पाठवलं. मग नळ सोडला, पदराचा बोळा तोंडात धरला आणि मोरीच्या कठड्यावर डोकं टेकलं. आबांना हाक मारावी, सगळं सांगावं, आणि त्यांनीच आपली समजूत काढावी, असं तिला वाटलं.

तेवढ्यात आबांची काठी वाजली.

खोलीपासून स्वयंपाकघर म्हणजे मधली एक खोली फक्त. पण काठी वाजतच राहिली, पुढे येईना. टीव्हीचा आवाज बंद झाला होता. परवा ती फोन ठेवून तशीच रडत बसली होती तेव्हाही काठी अशीच लांबून येत होती. त्याआधी गच्चीच्या जिन्यातही.

मंदाने नळ बंद केला, चेहरा पुसला, केस मागे घेतले. स्टो पेटवून त्यावर पातेलं ठेवलं. भांड्याचा आवाज झाल्यावर काठी पुढे सरकली.

आबा दार लोटून उंबऱ्यात उभे राहिले. त्यांनी स्टोकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं.

"खिचडी टाक, माय," ते म्हणाले. "भूक लागनी."