उपाशी वाफा

बायनाबाईच्या समोर कोणी उपाशी राहिलं की तिचं डोकंच फिरायचं. मग तो माणूस असो की सागाचं रोप.

गोंडपिपरीकडच्या रोपवाटिकेत ती दहा वर्षांपासून रोजंदारीवर होती. चौऱ्याऐंशी साली नागपूरहून उमरेडकर साहेब आले. त्यांनी शेजारीशेजारी दोन वाफे आखले, दोन्हींत जंगलातल्या जुन्या सागाखालची माती मिसळली.

"बाई, पहिल्याला सुपर फॉस्फेट घाला. दुसऱ्याला चिमूटभरही नाही. या मातीतली बुरशी मुळांत शिरते, तेच बघायचंय. प्रयोग जमला तर तुमचं नाव कायमसाठी मी स्वतः वर पाठवतो."

कायम! घरी जाताना बाई तो शब्द तीनदा स्वतःशीच म्हणाली.

साहेब गेले. महिन्याभरात पहिला वाफा तरारला, दुसरा आपला खुरटाच. खताचं घमेलं घेऊन त्याच्या समोरून जाताना बाईला बाप आठवायचा. तिचा बाप पत्रू, छप्पनच्या धर्मांतराआधी, गावजेवणात आवाराबाहेर बसायचा. सगळ्यांचं उरकलं की उरलंसुरलं त्याला. ते तिनं लहानपणी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"एका पंगतीत एकाले वाढायचं अन् एकाले नाई? अन् तेही माह्या हातानं? हट्!"

मग काय, दुसऱ्यालाही सुपर सुरू झालं. अगदी मापात, पहिल्याएवढंच.

चार महिन्यांनी साहेब आले. दोन्ही वाफे हिरवेगार, बाई खुशीत. साहेबांनी मुळं धुतली, बुरशी दिसावी म्हणून निळ्या रंगात बुडवली, सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पहिल्या वाफ्यात बुरशी नावापुरती, ते अपेक्षेप्रमाणेच. दुसऱ्यातही तेच! साहेबांचा चेहरा पडला.

"बाई, दुसऱ्याला काही घातलंत?"

"घातलं ना साहेब! दोघात दुजाभाव कसा करू?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, सगळं त्या उपासातच होतं! मातीत फॉस्फरस कमी असला की मूळ बुरशीला थारा देतं, अन् ती लांबलांबून कणकण गोळा करून आणते. आयतं मिळालं की मूळ तिला विचारतसुद्धा नाही."

बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मंग माह्यं कायमचं?"

"प्रयोगच गेला, बाई. आता काय लिहू?"

बाई पदर खोचून उठली.

"समजलं. उपाशी ठेवलं का काम चांगलं होते. म्हणूनच का साहेब, मले दहा वर्षं कायम नाई केलं?"

साहेबांनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. काचेखाली बघण्यासारखं तर काहीच नव्हतं.