अखंडचक्र आणि ओला टॉवेल

चौकात एवढी गर्दी होती की मागच्यांना चाकाचं फक्त वरचं टोक दिसत होतं. चाक गरगर फिरत होतं आणि शेजारी दिवा लख्ख पेटला होता.

"हे अखंडचक्र," चक्रबाबा सांगत होते. "विश्वाच्या नाभीतून ऊर्जा ओढतं. डिझेल संपेल, सूर्य मावळेल, चक्र मावळत नाही. जुनी सौर पॅनेलं द्या, चक्र न्या."

माझ्या आत्याची लाँड्री आहे. पूर्वी ती डिझेलच्या जनरेटरवर चालायची. त्याच्या काजळीनं पांढऱ्या चादरी राखाडी व्हायच्या आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा खोकून बेजार व्हायचे. पॅनेलं आली, दोन्ही थांबलं. पण ढगाळ दिवशी मशीन अडायचं, म्हणून ती पॅनेलं द्यायला निघाली होती.

"आत्या, ऊर्जा कुठून तरी यावी लागते," मी म्हणाले.

"मग ढग आले की ओल्या चादरी तुझ्या अंगावर वाळवू का?"

ती होकार द्यायला पुढे गेली. पण डाग दिसला की आत्याचा हात थांबत नाही, आणि चाकाच्या कडेला ग्रीस लागलं होतं. तिनं खांद्यावरचा ओला टॉवेल काढून फिरत्या चाकालाच लावला.

"ताई, नको," बाबा पुटपुटले.

टॉवेल आसाला गुंडाळला गेला आणि चाक जागीच अडकलं. दिवा मात्र तसाच पेटलेला.

"चक्र थांबलं," मी विचारलं, "मग हा कशावर जळतोय?"

"नाभीत थोडी शिल्लक असते, बाळ."

"बघू तरी नाभी," म्हणत आत्यानं चाकाखालच्या चौथऱ्याची झालर उचलली. "ही कधी धुतली होती हो?"

आत बॅटरी होती. तिची एक तार दिव्याला, दुसरी चाक फिरवणाऱ्या मोटरला. म्हणजे चाक वीज बनवत नव्हतं, खात होतं. तिसरी तार सतरंजीखालून बाबांच्या गाडीकडे गेली होती. गाडीच्या टपावर चार पॅनेलं ऊन खात पडली होती.

"त्यातलं तडा गेलेलं माझं," गर्दीतला एक शिंपी म्हणाला, आणि चौकभर हशा पिकला. बाबांना आधी घेतलेली सगळ्यांची पॅनेलं तिथंच उतरवून द्यावी लागली.

कोळसा आणि ज्यापासून डिझेल बनतं ते खनिज तेल जमिनीत मोजकंच आहे. ऊन-वारा रोज नव्यानं येतो, पण कधी ढग येतात, कधी वारा पडतो. त्या अडचणीवर उपाय शोधावा लागतो, चमत्कार नव्हे. कुणी फुकटचं यंत्र दाखवलं तर एवढंच विचारा: यात ऊर्जा येते कुठून? उत्तर मिळेपर्यंत गच्चीवरचं काही उतरवू नका.

आत्यानं पुढच्याच आठवड्यात ढगाळ दिवसांसाठी बॅटरी बसवून घेतली.

"बाबांनी लपवली होती ना," ती म्हणाली, "कामाची वस्तू तेवढीच होती."