थिजलेले हात

चिकलठाण्याच्या त्या ऑफिसात प्रेरणाची काचेची केबिन एवढीशी होती, की खुर्ची मागं सरकवली तरी दाराला लागायची. थोरला भाऊ जन्मापासून बहिरा, म्हणून खुणांची भाषा तिला लहानपणापासूनची. दवाखान्यांतून व्हिडिओ कॉल यायचे. बहिऱ्या पेशंटच्या खुणा बघून ती डॉक्टरांना सांगायची आणि डॉक्टरांचं बोलणं खुणांनी पेशंटला.

दिवाळीनंतर कंपनीनं सगळे कॉम्प्युटर उचलले आणि टेबलांवर एकेक डबी ठेवली. खरा कॉम्प्युटर म्हणे मुंबईच्या सर्व्हरवर, इथं नुसता त्याचा पडदा. टायपिंगवाल्यांना काही फरक पडला नाही. प्रेरणाच्या पडद्यावर मात्र वर गेलेला हात वरच थिजायचा आणि एकदम मांडीवर दिसायचा. मधली खूण गायब.

"व्हिडिओ आधी मुंबईला जातो, तिथं उलगडतो, मग हिकडं येतो," सिस्टिम सांभाळणारा अजिनाथ म्हणाला. "तो थेट तुमच्या डबीतच उलगडला पाहिजे. लई अवघड नाय. पण हेड ऑफिस परवानगीच देत नाय, मागून थकलो."

एका दुपारी शहरातल्या दवाखान्यातून कॉल आला. पेशंट वैजापूरची करुणा, शेजारी नर्स मोनिका, मागं करुणाचा नवरा पुंडलिक.

"गर्भपिशवी काढायचीय. तयार आहे का, विचारा," डॉक्टर म्हणाले.

प्रेरणानं विचारलं. करुणाचे डोळे मोठे झाले. हात उठले आणि चौकटी-चौकटींत फुटले. शेवटी दिसली ती फक्त खाली आलेली मूठ.

"हो म्हणाली ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हय म्हणतीय," पुंडलिक मागून बोलला.

"मला दिसलं नाही, डॉक्टर. परत विचारते."

परत तेच. काचेपलीकडून सुपरवायझर 'आटप' म्हणून खुणावत होती. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर कॉल संपला असता.

"मोनिकाताई, तुमचा मोबाइल नंबर सांगा."

आवाज तेवढा नीट येत होता. केबिनमध्ये मोबाइलला बंदी, आणि चालू कॉल सोडून उठायचंही नाही. ती नंबर पुटपुटत उठली, बाहेरच्या लॉकरमधून मोबाइल काढला, तिथल्याच खिडकीत टेकवला आणि मोनिकाला व्हिडिओ कॉल लावला. आता करुणाचे हात कुठं न अडखळता बोलू लागले.

प्रेरणा तिचे शब्द जसेच्या तसे सांगत गेली. "नुसती गाठ काढणार म्हणाले होते. पिशवीचं मला कुणी सांगितलं नाही. मला मूल पाहिजे."

डॉक्टरांनी पुंडलिककडं बघितलं. तो पुटपुटला, "घाबरंल म्हणून नाय सांगितलं."

"मला तर यांनी हिला सगळं माहीत आहे असं सांगितलं," डॉक्टर म्हणाले. "आज ऑपरेशन नाही. नुसती गाठ काढता येते का, ते बघू. मॅडम, आणखी थोडं थांबाल?"

प्रेरणा थांबली.

पुढं करुणाची गाठ तेवढी निघाली, असं मोनिकानं कळवलं. प्रेरणाला नोटीस मिळाली: पेशंटचा कॉल खासगी मोबाइलवर घेतला, पुन्हा असं झालं तर काम बंद. त्याच चौकशीत अजिनाथचा जुना अर्ज वर आला आणि परवानगी मिळाली, फक्त तिच्या केबिनपुरती. सोबत तिच्या दाराला नवं कुलूप आलं. कॉल चालू असेपर्यंत ते कार्ड लावूनही उघडायचं नाही.

पडद्यावर आता बोट न बोट स्पष्ट दिसतं. परवा एका बहिऱ्या म्हाताऱ्यानं खुणांनी विचारलं, "पोरी, तू दमलीस का?" डॉक्टरांना ते सांगायची गरज नव्हती. तिनं मान हलवून नाही म्हटलं आणि डॉक्टरांचा पुढचा प्रश्न विचारला.